'ओपन्ड स्लोली द डोअर' चूक, मग 'लुक्ड स्लोली ॲट द डोअर' बरोबर कसं काय?

प्रतापनगरची (धागाकर्ती)
नमस्कार मंडळी. वय ४८, शिक्षण मराठी माध्यमात, इंग्रजी पाचवीपासून. लेक बंगळूरला असते, जावई तमिळ. विहीणबाईंशी बोलायचं तर इंग्रजीवाचून गत्यंतर नाही. त्यांना हिंदी येत नाही आणि मला तमिळ. तीन वर्षं 'हाऊ आर यू, फाइन' यावर काढली. आता नातवंड येणार आहे, तेवढ्यावर भागायचं नाही, म्हणून या उन्हाळ्यात धरमपेठेत संध्याकाळचा इंग्रजी बोलण्याचा क्लास लावला.

परवा क्लासात एक तक्ता दिला. पहिल्या रकान्यात स्लोली, क्विकली, केअरफुली, क्वाएटली. दुसऱ्यात भूतकाळी क्रियापदं: ओपन्ड, लुक्ड, वेंट, वॉक्ड, रेड. तिसऱ्यात ॲट, इनटू, टुवर्ड्स, थ्रू. जुळवून दहा वाक्यं करायची. माझी सहा बरोबर, चार चूक. त्यातली ही जोडी डोक्यातून जाईना:

'ही ओपन्ड स्लोली द डोअर' यावर लाल फुली.
'ही लुक्ड स्लोली ॲट द डोअर' यावर बरोबरची खूण.

दोन्हीकडे दार तेच, माणूस तोच, स्लोली त्याच जागी. सरांना विचारलं तर म्हणाले, कानाला बरं वाटत नाही. अहो, माझ्या कानाला दोन्ही सारखीच वाटतात, म्हणून तर फी भरली ना! कोणी कारण सांगेल का? नियम नको, कारण हवं.

तर्रीबाज
ताई, ४५ डिग्रीत क्लासले जाता? तुमचा तं सत्कार करा लागते. वाक्याचं मले काई समजलं नाई, दोन्ही दारं उघडीच दिसून राहिली.

पेठेतला
सोपं आहे. इंग्रजीत क्रियापद आणि त्याचं कर्म यांच्यामध्ये काही घालत नाहीत. 'ओपन्ड'चं कर्म 'द डोअर'. संपलं.

प्रतापनगरची
धन्यवाद, पण हा नियमच झाला की. का घालत नाहीत?

पेठेतला
भाषेत 'का' विचारू नये.

तर्रीबाज
पुण्यात दुकानदारालेही विचारू नये म्हणतात.

जुनेमास्तर
पेठेतल्यांनी नियम बरोबर सांगितला, पण कारण आहे आणि ते मराठीतूनच दिसतं. ३१ वर्षं शाळेत इंग्रजी शिकवलं, त्यातली पहिली दहा वर्षं मीही मुलांना 'असंच असतं' म्हणत होतो. त्या मुलांची आज क्षमा मागतो.

हे वाक्य बघा: त्याने हळूच दार उघडलं. आता शब्द हलवा. दार त्याने हळूच उघडलं. हळूच उघडलं त्याने दार. उघडलं दार त्याने, हळूच. जोर बदलला, पण कोणी कोणाला उघडलं याबद्दल शंका येत नाही, कारण 'त्याने'ला 'ने' चिकटलेला आहे. 'वाघाने माणसाला पाहिलं' आणि 'माणसाला वाघाने पाहिलं', दोन्हीत बघणारा वाघच. ने आणि ला शब्दाच्या पाठीवर बसून त्याच्याबरोबर फिरतात.

इंग्रजी नामाच्या पाठीवर असं काही नाही. 'द टायगर सॉ द मॅन' आणि 'द मॅन सॉ द टायगर' यांत शब्द तेच, फक्त जागा बदलल्या आणि बघणाराच बदलला. म्हणजे इंग्रजीत विभक्तीचं काम जागा करते. कर्माची ओळख एवढीच, की ते क्रियापदाला खेटून उभं आहे. मध्ये 'स्लोली' घुसवलं की ती ओळखच सैल होते. म्हणून 'स्लोली ओपन्ड द डोअर' म्हणा किंवा 'ओपन्ड द डोअर स्लोली' म्हणा, पण त्या दोघांच्या मध्ये बसू नका.

आता दुसरं वाक्य. 'ॲट द डोअर' हा गट स्वतःचा 'ॲट' घेऊन आलाय. आपल्या 'दाराकडे'तला 'कडे' आहे तो, फक्त आपला मागे लागतो, त्यांचा पुढे. ओळखपत्र खिशात असल्यावर क्रियापदाला खेटून उभं राहायची गरज नाही. म्हणून 'लुक्ड' आणि 'ॲट' यांच्यामध्ये 'स्लोली' खुशाल बसतो. तसंच 'वॉक्ड क्विकली टुवर्ड्स द गेट', 'वेंट क्वाएटली इनटू द किचन'.

प्रतापनगरची
मास्तर, दंडवत! 'ओळखपत्र खिशात' हे वहीत लिहून ठेवलं.

अजनीकर
मास्तरांचं वाचून एक गोष्ट आठवली. आमच्या वडिलांनी शिकवलेली युक्ती, व्याकरणाच्या पुस्तकात मला कधी दिसली नाही.

'मी काल मैत्रिणीबरोबर बसनं बर्डीवर गेले.' (बर्डी म्हणजे आपली नागपूरची सीताबर्डी.) 'मी' तिथेच ठेवा आणि बाकीचं शेवटून वाचत या. गेले, बर्डीवर, बसनं, मैत्रिणीबरोबर, काल. आता इंग्रजी: 'आय वेंट टू बर्डी बाय बस विथ अ फ्रेंड यस्टरडे.' आरशात धरल्यासारखं! वडील पोस्टात होते, साहेबांना अर्ज लिहिताना मराठी वाक्य कागदावर लिहायचे आणि उजवीकडून बोट सरकवत इंग्रजी करायचे.

दरवेळी तंतोतंत जमत नाही. 'यस्टरडे' पहिलंही चालतं, आणि 'ऑलवेज'सारखे शब्द या हिशोबात बसत नाहीत. 'ही ऑलवेज केम लेट', पण 'ही वॉज ऑलवेज लेट'. नेहमीच्या क्रियापदाच्या आधी, 'वॉज'च्या नंतर. पण सुरुवातीला धाडस यायला आरसा पुष्कळ.

उगाचच
आमच्या बाबांनाही सांगून बघते. ते अजून 'यस्टरडे मी वेंट' वर आहेत.

बाराखडी
सगळेच 'वॉक्ड, लुक्ड' लिहिताय म्हणून राहवत नाही. स्पेलिंगमध्ये ड असला तरी तोंडातून ट निघतो. वॉक्ट, लुक्ट, हेल्प्ट, वॉच्ट. ओपन्ड, प्लेड, कॉल्ड यांत मात्र ड. आणि मूळ शब्दच ट किंवा ड ने संपत असेल तर आणखी एक अक्षर उच्चारायचं: वाँटिड, नीडिड, स्टार्टिड.

हे पाठ करायची गरज नाही. आपण संधीत कठोर आणि मृदू वर्ण शिकलोच आहोत. शेवटी क, च, प असे कठोर व्यंजन आलं (स, श, फ हेही कठोरच) की कठोर ट. मृदू व्यंजन किंवा स्वर आला की मृदू ड. 'जगत्' अधिक 'ईश' मिळून 'जगदीश' होतो तीच ही तोंडाची सोय. आपल्या देवनागरीत हा फरक लिहून दाखवता येतो, या शब्दांच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये तो दिसत नाही. तेव्हा इथून पुढे 'लुक्ट' लिहावे ही नम्र विनंती.

पेठेतला
'रेड'चं काय मग? स्पेलिंग तेच, वर्तमानात रीड, भूतकाळात रेड. आणि पुट, कट, हिट तर कुठल्याच काळात हलत नाहीत.

बाराखडी
ती सरकारी जावई मंडळी. त्यांना नियम लागू नाहीत. ही क्रियापदं रोजच्या वापरातली, म्हणूनच जुनी रूपं टिकून आहेत. कमी वापरातल्यांना हळूहळू सगळ्यांसारखा ड लावला गेला. 'हेल्प'चा भूतकाळ एके काळी 'होल्प' होता, आता 'हेल्प्ट'.

हिशोबनीस
क्रियाविशेषणावरून माझी पंचवीस वर्षांपूर्वीची फजिती सांगतो. हिंगण्याला एमआयडीसीत एका कारखान्यात हिशोबाला होतो. बढतीसाठी स्वतःच्या कामाचं टिपण इंग्रजीत लिहून द्यायचं होतं. शाळेत शिकलो होतो, विशेषणाला ली लावली की क्रियाविशेषण. स्लो-स्लोली, क्विक-क्विकली. म्हणून मोठ्या ऐटीत लिहिलं: 'आय हार्डली वर्क्ट ड्युरिंग द लास्ट थ्री इयर्स.' गेली तीन वर्षं मी जवळजवळ कामच केलं नाही!

साहेब दक्षिणेकडचे, भला माणूस. बोलावून घेतलं, तो कागद पुढ्यात ठेवला, हार्डलीखाली पेन्सिलीनं रेघ मारली आणि म्हणाले, 'तुमचा प्रामाणिकपणा आवडला.' मला वाटलं बढती पक्की. टेबलावर परत येऊन शब्दकोश उघडला तेव्हा घाम फुटला. 'वर्क्ट हार्ड' म्हणजे कष्ट केले, 'हार्डली वर्क्ट' म्हणजे नावालाच. 'केम लेट' म्हणजे उशिरा आला, 'लेटली' म्हणजे अलीकडे. 'फास्ट'ला तर ली लागतच नाही, आणि 'फ्रेंडली'ला ली असून ते विशेषणच.

बढती पुढच्या वर्षी मिळाली.

तर्रीबाज
भाऊ, आमच्या हापिसात तं 'हार्डली वर्क्ट' वालेच वर गेले.

सिव्हिललाइन्स
मास्तरांच्या नियमाला थोडा धक्का देते. मी वकील आहे, उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात रोजचं जाणं-येणं. आदेशांत अशा धाटणीची वाक्यं सर्रास दिसतात: 'द कोर्ट कन्सिडर्ड केअरफुली ऑल द डॉक्युमेंट्स फाइल्ड बाय द पिटिशनर.' इथे क्रियापद आणि कर्म यांच्यामध्ये केअरफुली ऐसपैस बसलंय, आणि मला ते चूक वाटत नाही. मग?

जुनेमास्तर
बरोबर पकडलंत. कर्म लांबलचक असेल तर त्याला शेवटी ढकलायची मुभा आहे. 'केअरफुली' त्या सगळ्या शेपटीनंतर टाकलं असतं तर काळजीपूर्वक कोणी काय केलं, कोर्टानं विचार की अर्जदारानं दाखल, हेच कळलं नसतं. 'द डोअर' दोन शब्दांचं, त्याला ही सवलत नाही. माझं आधीचं 'मध्ये बसू नका' जरा जास्तच ठाम होतं.

पेठेतला
म्हणजे शेवटी कानच.

जुनेमास्तर
कानच, पण कारण कळलेला कान.

सॅनहोजेची_मावशी
बर्डीवर हा शब्द वाचून डोळ्यांत पाणी आलं हो. इथे असताना एकदा एका अमेरिकन शेजारणीला मी 'वी युज्ड टू गो ऑन बर्डी' म्हणाले होते. तिला वाटलं बर्डी हा घोडा आहे.

अजनीकर
हा हा! पण खरंच, आपण महालात जातो, इतवारीत जातो, सदरला जातो आणि बर्डीवर जातो. काहून? कोणी सांगू शकेल?

उगाचच
टेकडी आहे ना, म्हणून 'वर'. त्या टेकडीवरच १८१७ च्या नोव्हेंबरात भोसले आणि इंग्रज लढले. चढून जायची जागा, म्हणून वर.

हिशोबनीस
मग रामटेकवर का नाही? गडच आहे तो. पण आपण 'रामटेकला' जातो.

तर्रीबाज
अन् मी बर्डीच्या मेट्रो स्टेशनात खाली उभा राहूनही म्हणतो, 'बर्डीवर उभा आहो.'

सिव्हिललाइन्स
हाच तर मुद्दा. आपण इंग्रजीला नावं ठेवतो, 'अराइव्ह्ड इन नागपूर' पण 'अराइव्ह्ड ॲट अजनी स्टेशन' का, 'इन द कार' पण 'ऑन द बस' का. बाहेरून नागपुरात आलेल्या माणसाला महालात आणि बर्डीवर असंच छळत असणार. आमची एक सातारकडची ज्युनियर पहिले सहा महिने 'सीताबर्डीमध्ये' म्हणायची. चूक नव्हतं, पण तिला रिक्षावाले लगेच ओळखायचे.

प्रतापनगरची
मंडळी, माझ्या चार चुकांपैकी दुसरी ऐका. 'शी वेंट क्विकली टू होम.' 'टू' खोडला होता. इथे तर ओळखपत्र काढूनच घेतलं!

बाराखडी
'घरी' या शब्दाकडे बघा. आपण 'घरीला गेले' म्हणतो का? 'घरी'त सप्तमी आधीच आहे. इंग्रजीतलं 'होम' या वाक्यात तसंच, नाम नसून क्रियाविशेषण आहे, 'टू' त्याच्या पोटात आहे. 'हियर' म्हणजे इथे, 'देअर' म्हणजे तिथे. 'इथेला ये' म्हणत नाही, तसं 'कम टू हियर' नाही. पण 'टू माय होम' म्हटलं की ते पुन्हा नाम होतं आणि टू परत येतो, 'माझ्या घराला'सारखा.

त्याच्याच शेजारचा दुसरा सापळा म्हणजे 'रीच्ट टू द स्टेशन'. आपण 'स्टेशनला पोहोचलो' म्हणतो म्हणून तो 'टू' येतो. 'रीच'ला थेट कर्म लागतं. 'डिस्कस्ट अबाउट'चंही तेच, आपल्या मराठीतला 'विषयी' तिथे शिरतो.

सॅनहोजेची_मावशी
मास्तर, तुमच्या ओळखपत्राच्या सिद्धान्तात एक भुरटा शिरतो, त्याच्याबद्दल बोला. नागपूरच्याच दोन गोष्टी घेते.

'ही टर्न्ड ऑफ वर्धा रोड.' तो वर्धा रोड सोडून वळला.
'ही टर्न्ड ऑफ द कूलर.' त्यानं कूलर बंद केला.

दिसायला जुळी भावंडं. आता क्विकली घाला. 'ही टर्न्ड क्विकली ऑफ वर्धा रोड' चालतं. 'ही टर्न्ड क्विकली ऑफ द कूलर' म्हटलं तर तो कूलरवर बसून चालला होता आणि झटकन खाली वळला असं वाटेल. दोन्हीकडे 'ऑफ' आहे, मग दुसऱ्याचं ओळखपत्र का चालत नाही?

जुनेमास्तर
वा! कारण कूलरवाला 'ऑफ' हा कूलरचा नाहीच, तो 'टर्न'चा आहे. 'टर्न ऑफ' मिळून एक क्रियापद, आपल्या 'बंद करणे'सारखं. त्याचं कर्म 'द कूलर', आणि ते बिनओळखपत्राचं. वर्धा रोडवाला 'ऑफ' मात्र खरोखर रोडचा, 'रोडवरून'मधल्या 'वरून'सारखा.

ओळखायची खूण सर्वनामाची. कूलर असेल तर 'टर्न्ड इट ऑफ', 'इट' मध्येच यायला हवा. 'टर्न्ड ऑफ इट' म्हटलंत तर रस्ता. तसंच 'लुक्ट ॲट इट' म्हणजे त्याच्याकडे पाहिलं, पण शब्दकोशात शोधला तर 'लुक्ट इट अप'. क्रियाविशेषण घुसतं का आणि 'इट' कुठे बसतं, या दोन परीक्षा पुरेत. बाराखडींच्या विनंतीला मान देऊन ट लिहिला आहे.

बाराखडी
भरून पावले.

तर्रीबाज
मास्तर, मे महिन्यात नागपुरात कूलर टर्न ऑफ करणाऱ्याचं वाक्य बरोबर असो का चूक, त्याले घरात घेऊ नये.

संपादक
कूलरमध्ये वाळ्याच्या ताट्या की हनीकोंब पॅड यावरचे सहा प्रतिसाद वेगळ्या धाग्यावर हलवले आहेत. कृपया विषयाला धरून लिहावे.

पेठेतला
विषयाला धरूनच. वाक्याच्या शेवटी 'ॲट', 'विथ' ठेवू नये असं आम्हाला शाळेत सांगायचे. 'द डोअर ही लुक्ट ॲट' हे मग चूकच ना?

सिव्हिललाइन्स
तो नियम इंग्रजी बोलणाऱ्यांचा नाही, पंडितांचा. जॉन ड्रायडन या कवीनं १६७२ मध्ये बेन जॉन्सनच्या एका वाक्यावर असा आक्षेप घेतला आणि पुढे स्वतःच्या जुन्या लेखनातलीही तशी वाक्यं बदलत बसला. लॅटिनमध्ये असं करता येत नाही, म्हणून इंग्रजीतही नको, असा एकंदर कल. लोक तेव्हाही शेवटी ठेवत होते, आजही ठेवतात. 'हूम डिड यू गो विथ' यात काही गैर नाही.

उगाचच
'डिड' निघालाच आहे तर. 'आय डिड नॉट वेंट' हे मी अजून दिवसातून एकदा म्हणते. मेंदूला माहीत आहे, जिभेला नाही.

हिशोबनीस
मराठीत 'गेले' आणि 'नाही', भूतकाळ 'गेले'मध्येच राहतो. इंग्रजीत 'डिड' आला की भूतकाळाचा सगळा भार तो उचलतो, 'गो' मोकळा. हिशोबाच्या भाषेत सांगायचं तर एकच रक्कम दोनदा नावे टाकू नये.

अजनीकर
आणि आपली वऱ्हाडी-नागपुरी 'करून राहिलो' कुठे जाते? 'मी येऊन राहिलो' म्हणून 'आय ॲम कमिंग' ठीक. पण मग 'मले समजून राहिलं' म्हणून 'आय वॉज अंडरस्टँडिंग', 'तो मले माहीत होऊन राहिला' म्हणून 'आय वॉज नोइंग हिम'. आमच्या चाळीत अख्खा भूतकाळ इंगमध्ये चालतो.

तर्रीबाज
त्याले काय झालं? लोकाले समजून राहिलं नं?

सॅनहोजेची_मावशी
इंग्रजीचं एक तरी कौतुक करा रे. 'तो गेला, ती गेली, ते गेलं, ते गेले' सगळ्यांना एकच 'वेंट'. आणि 'तिने आंबा खाल्ला, त्याने पोळी खाल्ली'. खाणारी बाई, क्रियापद आंब्यासारखं! माझी इथे वाढलेली नात मराठी शिकताना मला विचारते, आजी, आंबा काय खातो?

उगाचच
आंबा काय खातो! हे घरी सगळ्यांना वाचून दाखवलं.

पेठेतला
अवांतर: 'आय केम यस्टरडे ओन्ली' हे मराठी लोकांचं खास. 'कालच'मधला 'च' आपल्याला सोडवत नाही, मग 'ओन्ली' त्याची नोकरी करतो.

बाराखडी
आणि तोही मागे लागूनच. मराठी शब्दाच्या शेपटीला लागणारी गोष्ट आपण इंग्रजीतही शेपटीलाच लावतो.

प्रतापनगरची
मंडळी, आठ दिवसांनी येतेय. क्लासात काल तोच तक्ता पुन्हा दिला होता. दहापैकी नऊ. सरांना वाघाचं उदाहरण सांगितलं तर त्यांनी फळ्यावर लिहून घेतलं आणि पुढच्या बॅचला सांगतो म्हणाले. उरलेली एक चूक 'लेटली'ची. हिशोबनीस, तुमची फजिती नीट वाचूनसुद्धा.

आणि आज सकाळी विहीणबाईंना मीच फोन लावला. डॉक्टर काय म्हणाले, लेक काय खाते, इकडे किती ऊन आहे, सगळं सांगितलं. अठरा मिनिटं. 'इट' एकदा चुकीच्या जागी बसला, पण विहीणबाई लिसन्ड पेशंटली टू मी. (मास्तर, 'पेशंटली' कुठे बसवलंय बघा.) मग मी विचारलं, तुम्ही चेन्नईहून बंगळूरला कधी पोहोचलात?

म्हणाल्या, 'आय केम यस्टरडे ओन्ली.'

पेठेतला
मघाचा 'मराठी लोकांचं खास' हा दावा मागे घेतो.

तर्रीबाज
ताई, विहीणबाईले नागपूरले बोलवा. बर्डीवर नेऊ.